ऑपरेशन झाल्यावर दर तीन महिन्याला सीईए कशासाठी? या टेस्टची पार्श्वभूमी

आपल्याकडं लातूर, नांदेड, परभणीचे मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे पेशंट बार्शीला, संभाजीनगरला नाहीतर देवगिरी एक्सप्रेसनं थेट टाटाला जाऊन ऑपरेशन करून येतात, आणि डिस्चार्ज कार्डावर बहुतेक वेळा लिहिलेलं असतं की दर तीन ते सहा महिन्यांनी सीईए (रक्तातलं एक प्रोटीन मोजायची टेस्ट) करून दाखवायला या. मग आकडा जरा वर गेला की घरात कुणाच्या घशाखाली घास उतरत नाही, आणि नॉर्मल आला की पुढची फेरी सोयाबीन निघाल्यावर बघू म्हणून ढकलायची. दोन्हीत घोळ आहे, आणि तो का ते टेस्टचा इतिहास बघितला की कळतं.

१९६५ ला कॅनडात मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात फिल गोल्ड आणि सॅम्युअल फ्रीडमन यांनी हे प्रोटीन शोधलं. डोकं बघा कसं चालवलं, दोन वेगळ्या माणसांच्या पेशी ताडून बघितल्या तर माणसामाणसातला फरकच मधे येतो, म्हणून त्यांनी गाठ आणि चांगलं आतडं एकाच पेशंटचं घेतलं. गाठीत सापडलेलं ते प्रोटीन चांगल्या आतड्यात दिसलं नाही, पण पोटातल्या गर्भाच्या आतड्यात दिसलं. १९६९ ला ते रक्तात मोजता आलं आणि ३६ पैकी ३५ पेशंटमधे सापडलं. झालं, आता एका सुईत कॅन्सर कळणार असा गाजावाजा सुरू झाला.

तो काही टिकला नाही. सुरुवातीच्या स्टेजला बऱ्याच जणांचा आकडा नॉर्मलच यायचा, उलट लिव्हर खराब असलेल्यांचा, आतड्याला सूज असलेल्यांचा, सिगारेट ओढणाऱ्यांचा कॅन्सर नसताना वाढलेला निघायचा (आपल्याकडच्या बिडीवाल्या काकांनी हे डॉक्टरांना आधीच सांगितलेलं बरं). म्हणून धडधाकट माणसानं 'फुल बॉडी चेकअप'मधे ही टेस्ट करण्यात फारसा अर्थ नाही, पॅकेजवाले काहीही म्हणोत.

मात्र एक गोष्ट पक्की निघाली. गाठ पूर्ण निघाली असली तर वाढलेला सीईए साधारण चार ते सहा आठवड्यात खाली येतो, आणि पुढं परत चढायला लागला तर आजार उलटल्याची, बऱ्याचदा लिव्हरमधे, खबर त्रास सुरू व्हायच्या आधीच मिळू शकते. त्या काळात सीटी स्कॅन आजच्यासारखं कुठं होतं, त्यामुळं अमेरिकेतले काही सर्जन नुसत्या चढलेल्या आकड्यावर पोट परत उघडून बघायचे! इंग्लंडमधे १९८२ ला याचीच ट्रायल सुरू झाली, १९९३ ला थांबली आणि निकाल छापून आला थेट २०१४ ला, की अशा ऑपरेशननं पेशंट जास्त जगले नाहीत. एवढी वर्षं निकाल पडून राहिला हे मला तरी पटत नाही.

त्याच २०१४ ला ब्रिटनमधली १२०२ पेशंटची दुसरी ट्रायल आली. बरं करण्याच्या हेतूनं परत ऑपरेशन करता आलं असे पेशंट, नुसतं त्रास झाला तर या म्हणलेल्यांत २.३ टक्के, सीईएवर लक्ष ठेवलेल्यांत ६.७ आणि सीटीवाल्यांत ८. दोन्ही केलं म्हणून जास्त फायदा नाही, आणि मृत्यूंमधेही ठळक फरक दिसला नाही. शिवाय सीईए ५ च्या पुढं गेला तरच वाढला अशी रेघ धरली तर उलटलेल्या १०० केसेसपैकी जवळपास ३० सीईएला कळतच नाहीत, म्हणून नॉर्मल रिपोर्ट आला तरी सीटी आणि कोलोनोस्कोपी (दुर्बिणीनं आतडं बघणं) टाळायची नाही.

आणि लॅब बदलू नका. गावातल्या कलेक्शन सेंटरचं सॅम्पल एकदा पुण्याला, एकदा मुंबईला गेलं की मशीन वेगळी, किट वेगळं, आणि ३.१ चा ४.४ नुसत्या त्यानंही होऊ शकतो. डॉक्टर एका आकड्यावर जात नाहीत, काही आठवड्यांनी परत करायला लावतात आणि चढतच चाललाय का ते बघतात, मग सीटी. केमो चालू असताना तर तो कधीकधी काही काळ उगाच वर जाऊन खालीही येतो.

कुणी सोबत सीए १९-९ (सीईएसारखाच रक्तात मोजायचा दुसरा पदार्थ) पण करून घेतं, पण काही लोकांच्या शरीरात तो जन्मतःच तयार होत नाही, आणि आतड्याच्या कॅन्सरच्या फॉलोअपला ते नेहमीसाठी सांगितलेलंही नाही. नवीन आलंय ते रक्तात फिरणारे गाठीच्या डीएनएचे तुकडे शोधणं. २०२२ ला ऑस्ट्रेलियातल्या ट्रायलमधे त्यावरून दुसऱ्या स्टेजच्या पेशंटची केमो ठरवली, तर केमो घेणारे २८ वरून १५ टक्क्यांवर आले आणि आजार उलटण्याचं प्रमाण काही वाढलं नाही. त्या टेस्टचा खर्च मात्र सीईएच्या कितीतरी पट आहे.