नेब्युलायझर: धूर दाट म्हणजे औषध जास्त?

‘मशीनमधून जितका दाट धूर, तितकं औषध छातीत जास्त’, असं नेब्युलायझरबद्दल (औषधाचे बारीक थेंब करून श्वासातून देणारं मशीन) वर्षानुवर्षं फॉरवर्ड होतंय. बघताना तसंच वाटतं, पण खरा प्रश्न थेंबाच्या आकाराचा आहे. साधारण 1 ते 5 मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंब फुप्फुसात उतरतात. त्याहून मोठे बहुतेक तोंडात, घशातच चिकटतात. म्हणून मशीनच्या माहितीपत्रकात थेंबांचा आकार किती मायक्रॉन दिलाय ते बघा. अल्ट्रासॉनिक, म्हणजे ध्वनिलहरींच्या कंपनानं थेंब करणारं मशीन धूर भरपूर काढतं, पण ब्युडेसोनाइडसारखं (दम्यावरचं स्टेरॉइड) गढूळ औषध त्यातून नीट जात नाही.

आणि मास्क! बाळ रडतं म्हणून आपण तो दोन बोटं लांब धरतो, तिथंच बरंचसं औषध हवेत जातं. मांडीवर घ्या, शांत होऊ द्या, मग नाकातोंडावर टेकवा. कडेनं धूर डोळ्यांकडे येत असेल, तर मास्क सैल बसलाय.