दुखणे थांबल्यानंतरचे महिने

कोल्हापुरात पेठेपेठेत तालीम आहे आणि बहुतेक नामांकित तालमींचा स्वतःचा फुटबॉल संघ आहे. १९१२ साली उभे राहिलेले कुस्त्यांचे खासबाग मैदान आणि फुटबॉलच्या हंगामात भरून वाहणारे शाहू स्टेडियम ज्या शहरात आहे, तिथे मुरगळलेला घोटा, सुजलेला गुडघा किंवा मांडीमागचा ओढला गेलेला स्नायू घरोघरी परिचयाचा असतो. त्यावरचे उपायही पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहेत: लेप, शेक, तेलाचे मालीश, पंधरा दिवस विश्रांती आणि दुखायचे थांबले की पुन्हा कुस्तीच्या हौदात. यातील शेवटची पायरी सर्वांत धोक्याची आहे, कारण दुखापतीच्या खुणांपैकी वेदना लवकर जाते आणि ऊतीची ताकद फार उशिरा परतते. मधल्या काळात काय करायचे, हे ठरवणे हेच क्रीडा फिजिओथेरपीचे मुख्य काम आहे.

अस्थिबंध, म्हणजे ज्याला मैदानावर सगळे लिगामेंट म्हणतात, तो फाटला की पहिले काही दिवस तिथे रक्तस्राव आणि सूज असते. ही सूज निरुपयोगी नाही. तिच्यासोबत आलेल्या पेशी फाटलेल्या भागाची साफसफाई करतात. (म्हणूनच ताज्या दुखापतीवर जोरात मालीश करू नये, त्याने रक्तस्राव वाढू शकतो.) पुढचे काही आठवडे शरीर कोलॅजन या प्रथिनाचे नवे तंतू घाईने विणते. ते बारीक आणि वेडेवाकडे पसरलेले असतात, पण वेदना बहुधा याच सुमारास ओसरते. तंतूंची जाडी वाढून ते ताणाच्या दिशेत ओळीने लागण्याचे काम त्यानंतर कित्येक महिने, मोठ्या दुखापतीत वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ चालते.

या शेवटच्या टप्प्यात तंतूंनी कोणत्या दिशेने लागायचे, हे पेशींना प्रत्यक्ष ताणातूनच कळते. त्यामुळे पूर्ण विश्रांती घेतलेली ऊती कच्ची राहते आणि अकाली पूर्ण भार आलेली ऊती पुन्हा फाटते. भार किती, कोणत्या कोनात आणि किती वेळा द्यायचा, याची मात्रा आठवड्यागणिक वाढवत नेणे म्हणजे उपचार. विश्रांती, बर्फ, दाब देणारी पट्टी आणि पाय उंच ठेवणे हे सूत्र १९७८ साली मांडणारे अमेरिकी डॉक्टर गेब मर्किन यांनीही २०१४ साली आपले मत बदलले आणि बर्फ व संपूर्ण विश्रांती यांमुळे बरे होणे लांबू शकते, असे लिहिले.

गुडघ्याच्या बाबतीत आणखी एक अडचण असते, जी पाहिल्याशिवाय पटत नाही. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या धिप्पाड पैलवानाला खाटेवर पाय लांब करून बसवतात, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवतात आणि ती खाली दाबायला सांगतात. हजार बैठका मारणारी ती मांडी जागची हलत नाही. तो दात-ओठ खातो, नितंब उचलतो, पण गुडघ्याच्या आतल्या बाजूचा स्नायू सैलच राहतो. स्नायू शाबूत असतो; सांध्यातील सुजेमुळे तिथल्या संवेदी चेता मज्जारज्जूला वेगळे संदेश पाठवतात आणि मज्जारज्जू त्या स्नायूला मिळणारी आज्ञा रोखून धरतो. निरोगी माणसाच्या गुडघ्यात केवळ २० ते ३० मिलिलिटर द्रव सोडला, तरी हा स्नायू मंदावतो, असे प्रयोगांत दिसले आहे. जिद्दीने हा अडथळा सुटत नाही. आधी सूज उतरवावी लागते, कधी स्नायूला सौम्य विद्युत उत्तेजन द्यावे लागते, आणि मग रोज तीच साधी वाटणारी हालचाल पुन्हा पुन्हा करावी लागते. खेळाडू नेमका याच व्यायामाला कंटाळतो, आणि तो सोडला तर मांडी बारीक होत जाते.

गुडघ्यातील पुढचा क्रूसबंध, म्हणजे एसीएल हा अस्थिबंध, तुटल्यावर सहसा रुग्णाच्याच शरीरातील स्नायुबंधाचा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या टेंडनचा) तुकडा तिथे बसवतात. या तुकड्याला सुरुवातीला रक्तपुरवठा नसतो. तो पुन्हा मिळून त्याचे अस्थिबंधासारखे रूपांतर होईपर्यंत, पहिल्या काही महिन्यांत, तो बसवला त्या दिवसापेक्षाही कमकुवत असतो. चालणे सरळ झालेले असते, सूज नसते, हंगाम तोंडावर असतो आणि पेठेची इभ्रत पणाला लागलेली असते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्लो येथील अभ्यासात, नऊ महिन्यांपर्यंत मैदानावरची वापसी जितकी लांबवली, तितकी दर महिन्यामागे गुडघ्याच्या नव्या दुखापतीची शक्यता सुमारे निम्म्याने घटलेली आढळली. मांडीची ताकद आणि एका पायावरची उडी यांसारख्या चाचण्यांत दुसऱ्या पायाच्या किमान ९० टक्के कामगिरी गाठणे हा त्यातील निकष होता. तो पूर्ण न करता परतलेल्यांपैकी ३८.२ टक्के खेळाडूंचा गुडघा पुन्हा दुखावला. पूर्ण करून परतलेल्यांत हे प्रमाण ५.६ टक्के होते. हे आकडे प्रत्येक संघाच्या व्यवस्थापकाला पाठ असायला हवेत, असे मला मनापासून वाटते.

घोट्याची दुखापत किरकोळ समजली जाते, पण एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतो. सांधा कोणत्या स्थितीत आहे, याची मेंदूला मिळणारी जाणीव बिघडलेली असते. एका पायावर उभे राहून तोल सावरण्याचा सराव ही जाणीव सुधारतो, आणि त्याला कोणतेही यंत्र लागत नाही.

दवाखान्यातील व्यायामांनी अर्धीच वाट सरते. कुस्तीत गुडघ्यावर सरळ भार कमी आणि पिळाचा, तोही प्रतिस्पर्ध्याच्या मर्जीने येणारा ताण अधिक असतो. म्हणून शेवटचा टप्पा लाल मातीतच व्हावा लागतो: आधी अर्ध्या बैठका, मग पूर्ण, आधी एकट्याने पवित्रे, मग ठरवून घेतलेला एकच डाव, मग हलकी लढत आणि सर्वांत शेवटी खुली लढत. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा सुजला, तर एक पायरी मागे यायचे. हा क्रम फिजिओथेरपिस्ट आणि वस्ताद यांनी एकत्र बसून आखायला हवा, कारण भार किती द्यायचा हे पहिल्याला कळते आणि कोणत्या डावात तो गुडघ्याच्या कोणत्या बाजूला येतो, हे दुसऱ्याला.