गरम इंजिन सुरू का होत नाही? जुन्या पोर्शेतल्या पेट्रोलच्या दाबाची गोष्ट

सकाळी गाडी पहिल्याच किल्लीला सुरू होते. तासभर छान पळते. मग कुठेतरी वीस मिनिटं थांबायचं, परत येऊन किल्ली फिरवायची, तर स्टार्टर नुसता गरगरत राहतो, इंजिन काही पकडत नाही. दोन-तीन तासांनी, सगळं गार झाल्यावर, तीच गाडी काही झालंच नाही अशा थाटात सुरू होते. १९७३ ते १९८३ या काळातली पोर्शे ९११ बाळगणाऱ्यांना हा अनुभव चांगलाच ओळखीचा आहे. बहुतेक जण अशा वेळी आधी पेट्रोलचा पंप बदलतात. माझ्या मते हा पैसा बऱ्याचदा वाया जातो, कारण ही गाडी आपलं दुखणं दाबातून सांगत असते आणि दाब मोजल्याशिवाय ते कळायचा मार्ग नाही.

या गाड्यांत बॉशची के-जेट्रॉनिक ही इंजेक्शन व्यवस्था होती. ‘के’ म्हणजे जर्मन भाषेतलं ‘अखंड’. यातले इंजेक्टर आजच्यासारखे टिकटिक करत उघडझाप करत नाहीत. इंजिन चालू असेपर्यंत पेट्रोल फवारतच राहतात. किती फवारायचं हे ठरवायला मुळात संगणक नाही. सगळा हिशेब दाब करतो, आणि या रचनेवर माझा जीव जडलाय तो त्यामुळेच.

इंजिनात जाणारी हवा एका गोल तबकडीला ढकलते. तबकडीला जोडलेला तरफेचा दांडा फ्युएल डिस्ट्रिब्युटरमधला, म्हणजे सिलिंडरांना पेट्रोल वाटून देणाऱ्या भागातला, एक छोटा प्लंजर (दट्ट्या) वर उचलतो. प्लंजर जितका वर जाईल, तितक्या ०.२ मिलिमीटर रुंदीच्या फटी जास्त उघड्या पडतात आणि प्रत्येक सिलिंडरला तितकं जास्त पेट्रोल मिळतं. फटीच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक एक पातळ पोलादी पडदा ०.१ बारवर कायम धरून ठेवतो. त्यामुळे फट दुप्पट उघडली की पेट्रोलही दुप्पट, इतका सरळ हिशेब राहतो. (१ बार म्हणजे ढोबळमानाने आपल्याभोवतालच्या हवेचा दाब.)

आता या प्लंजरच्या डोक्यावरही पेट्रोल दाब देत असतं. त्याला कंट्रोल प्रेशर म्हणतात. हा दाब वाढला की हवेला प्लंजर उचलणं जड जातं, पेट्रोल कमी मिळतं, मिश्रण ‘लीन’ होतं. दाब कमी झाला की मिश्रण ‘रिच’. थंड इंजिनाला रिच मिश्रण लागतं, म्हणून वॉर्म-अप रेग्युलेटर नावाचा डबा सुरुवातीला हा दाब कमी ठेवतो. आत द्विधातूची पट्टी आणि तिला तापवणारी विजेची तार असते. पट्टी तापून वाकत जाते तसा दाब हळूहळू चढतो.

दाब मोजणारं गेज लावून हे एकदा तरी पाहावं. रेग्युलेटर आणि डिस्ट्रिब्युटर यांच्यामधल्या नळीत गेज जोडायचं आणि गेजनंतर, रेग्युलेटरच्या बाजूला, बंद करता येणारी झडप ठेवायची. झडप बंद केली की गेज सिस्टिम प्रेशर, म्हणजे पंपाकडून येणारा मुख्य दाब, दाखवतं, साधारण ५ बार. उघडली की कंट्रोल प्रेशर. इंजिन गार असेल तर काटा दीड-दोन बारच्या आसपास येतो आणि मग काही मिनिटांत, अगदी सावकाश, साडेतीनच्या आसपास चढतो. नेमके आकडे मॉडेलप्रमाणे आणि त्या दिवसाच्या तापमानाप्रमाणे बदलतात. ते मॅन्युअलमधूनच घ्यावेत. इंजिन गार असतानाही काटा साडेतीनवर अडकला असेल तर रेग्युलेटरची बारीक जाळी गाळाने तुंबलेली असू शकते. अशी गाडी सकाळी खोकत सुरू होते. कधी भडका उलटा फिरून प्लास्टिकची एअरबॉक्स, म्हणजे इंजिनाकडे जाणाऱ्या हवेची पेटी, फुटते. हा खर्च मोठा असतो, म्हणून सकाळच्या खोकल्याकडे दुर्लक्ष करू नये.

सिस्टिम प्रेशरच कमी भरलं तर आधी पेट्रोलचा प्रवाह मोजायचा. परतीच्या नळीतून ठरलेल्या सेकंदांत किती पेट्रोल येतं ते मापाच्या भांड्यात धरायचं. दाब आणि प्रवाह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दमलेला पंपही प्रवाह अडला तर दाब बरा दाखवतो, पण इंजिनाला भरपूर पेट्रोल लागलं की उघडा पडतो. प्रवाह कमी असेल तर फिल्टर, टाकीतली जाळी आणि पंपाच्या टर्मिनलवर प्रत्यक्ष पोचणारे व्होल्ट तपासायचे. गंजलेल्या अर्थिंगमुळे निर्दोष पंप अर्धपोटी चालतो.

हे सगळं करताना जीव सांभाळा. ५ बार दाबाखालचं पेट्रोल बारीक फटीतून फवाऱ्यासारखं उडतं आणि गरम भागावर पडलं तर पेट घेतं. इंजिन गार, जागा मोकळी, डोळ्यांवर चष्मा आणि हाताशी अग्निशामक, एवढं नसेल तर नट सैल करू नये.

आता त्या गरम इंजिनाकडे येऊ. इंजिन बंद झालं की थंड करणारा पंखाही थांबतो आणि मागच्या बंदिस्त कप्प्यात उष्णता साठते. पेट्रोलमधले हलके घटक साध्या दाबाला ३५-४० अंशांनाच उकळू लागतात. नळीत वाफ झाली की पंप ती दाबत बसतो, इंजेक्टरपर्यंत द्रव पोचत नाही. यावर उपाय म्हणजे दाब टिकवणं, कारण दाबाखाली उकळण्याचं तापमान चढतं. त्यासाठी अ‍ॅक्युम्युलेटर असतो, म्हणजे स्प्रिंगने रेटलेला पडदा असलेला डबा. इंजिन बंद झाल्यावर दाब इंजेक्टर मिटतील इतका खाली येतो आणि मग तिथे बराच वेळ टिकायला हवा.

टिकत नसेल तर पेट्रोल कुठून तरी निसटतंय. मी पाहिलेल्या एका गाडीत गेजचा काटा इंजिन बंद केल्यावर दोन मिनिटांत शून्यावर आला. झडप बंद करून पुन्हा पाहिलं, तरी तेच. म्हणजे वॉर्म-अप रेग्युलेटर संशयातून सुटला. प्लग काढले, ते कोरडे होते आणि पेट्रोलचा वासही नव्हता. इंजेक्टर किंवा कोल्ड स्टार्ट व्हॉल्व्ह (गार इंजिन सुरू करताना जादा पेट्रोल देणारी झडप) ठिबकत असता तर प्लग ओले निघाले असते. टाकीकडे जाणारी परतीची नळी सोडून पाहिली, थेंबही आला नाही, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधल्या, सिस्टिम प्रेशर राखणाऱ्या प्रेशर रेग्युलेटरची रबरी रिंग ठीक. अ‍ॅक्युम्युलेटरच्या स्प्रिंगकडच्या बाजूलाही पेट्रोल नव्हतं, तेव्हा पडदा शाबूत. उरली पंपाच्या तोंडाशी असलेली एकदिशा झडप. पेट्रोल तिच्यातूनच उलटं टाकीत जात होतं.

मालक मानायला तयार नव्हते, कारण पंप महिन्याभरापूर्वीच नवा बसवला होता. पंप खरंच नवा होता. पण बसवणाऱ्याने जुन्या पंपावरची झडप काढून तीच नव्यावर फिरवली होती. झडप बदलली, गाडी तासभर फिरवून आणली आणि बंद करून ठेवली. अर्ध्या तासानंतरही काटा दोनच्या वर होता. किल्ली फिरवली आणि इंजिनाने लगेच पकडलं.