कार्यशाळेतील ट्यूबलाइटचे एलईडीत रूपांतर

फ्लुओरेसंट ट्यूबसाठी बसवलेल्या पट्टीत, म्हणजे ट्यूब धरणाऱ्या पत्र्याच्या चौकटीत, एलईडी ट्यूब चालावी म्हणून पट्टीच्या आतल्या जोडणीत केला जाणारा बदल. वर्कशॉपच्या बोलीत याला नुसते ‘ट्यूब एलईडी करणे’ म्हणतात आणि त्यामुळे एक गैरसमज होतो. बदलायची असते ती मुख्यतः पट्टी. ट्यूब सर्वांत शेवटी चढते. दोन्ही ट्यूबांची लांबी सारखी, दोन्ही टोकांच्या पिना सारख्या, होल्डरही तेच. जुनी ट्यूब काढून नवी बसवायला एक मिनिटही लागत नाही, पण ती पेटेल की नाही आणि ती बदलणारा माणूस सुरक्षित राहील की नाही हे पत्र्याखालच्या वायरींवर ठरते.

फ्लुओरेसंट ट्यूबमध्ये कमी दाबाची पाऱ्याची वाफ असते. तिच्यातून विद्युतप्रवाह गेला की प्रामुख्याने २५४ नॅनोमीटरचे अतिनील किरण निघतात आणि काचेच्या आतला फॉस्फरचा लेप त्यांचे दृश्य प्रकाशात रूपांतर करतो. अशी ट्यूब थेट २३० व्होल्टवर चालत नाही. आधी स्टार्टर दोन्ही टोकांच्या फिलामेंट तापवतो. मग स्टार्टरमधली धातूची बारीक पाती उघडली की चोक, म्हणजे पट्टीत बसवलेले तारेचे वेटोळे, व्होल्टेजचा झटका देतो आणि ट्यूब पेटते. त्यानंतर प्रवाहाला आवर घालण्याचे कामही चोकच करतो. स्टार्टरचा पहिला प्रयत्न फसला की ट्यूब दोनचार वेळा डोळे मिचकावते. उशिरा समजणाऱ्याला ‘ट्यूबलाइट’ म्हणायची किंवा त्याची ‘ट्यूब पेटली’ म्हणायची सवय मराठीला इथूनच लागली. एलईडी ट्यूबच्या आत सहसा स्वतःचा ड्रायव्हर असतो. तो मेनचा पुरवठा एकदिश आणि मर्यादित करून छोट्या डायोडांना देतो, म्हणून अशा ट्यूबला चोकही लागत नाही आणि स्टार्टरही.

भारतातल्या वर्कशॉपांत आढळणारी ट्यूब बहुधा चार फुटी. जुनी जाड ४० वॅटची ट्यूब टी-१२, म्हणजे ३८ मिमी व्यासाची. तिच्यानंतर आलेली ३६ वॅटची टी-८, म्हणजे २६ मिमीची. ‘टी’पुढचा आकडा व्यास किती अष्टमांश इंच आहे ते सांगतो. दोन्हींच्या पिनांमधले अंतर १३ मिमी असल्याने एलईडी ट्यूब दोघींच्या पट्टीत बसते. २८ वॅटची बारीक टी-५ मात्र लांबीला थोडी आखूड आणि पिनांनाही वेगळी असते, तिच्या पट्टीत ही ट्यूब बसत नाही.

जोडणीचे प्रकार

पहिला प्रकार चोक तसाच ठेवून करायचा. साध्या चोकवर चालणाऱ्या एलईडी ट्यूबसोबत स्टार्टरसारखाच दिसणारा एक डबा मिळतो. त्यात स्टार्टर नसून फक्त फ्यूज असतो. जुना स्टार्टर काढून त्याच्या जागी हा डबा फिरवून बसवला की काम झाले. वायरमन लागत नाही, म्हणून हा मार्ग लोकप्रिय आहे. पण पंधरावीस वर्षांचा चोक पट्टीत राहतोच आणि पुढे बिघाड झाला तर संशयितांत त्याचीही भर पडते. पट्टीत इलेक्ट्रॉनिक चोक असेल तर ही युक्ती चालत नाही. त्याच्याशी जुळणारी ट्यूब वेगळी घ्यावी लागते.

दुसऱ्या प्रकारात चोक, स्टार्टर आणि असल्यास कपॅसिटर काढून टाकतात आणि फेज व न्यूट्रल थेट होल्डरला देतात. वर्कशॉपसाठी टिकाऊ काम हेच. तिसऱ्या प्रकारात ड्रायव्हर ट्यूबबाहेर वेगळा बसवतात. आपल्याकडे तो क्वचित दिसतो. अमेरिकेत यूएल या सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेच्या वर्गवारीत या तिघांना अनुक्रमे टाइप ए, बी आणि सी म्हणतात.

थेट जोडणीतही दोन पद्धती आहेत आणि अपघात होतात ते या दोहोंच्या सरमिसळीतून. एका पद्धतीत फेज आणि न्यूट्रल ट्यूबच्या एकाच टोकाला येतात, दुसरे टोक फक्त आधारापुरते. दुसऱ्या पद्धतीत एका टोकाला फेज आणि दुसऱ्या टोकाला न्यूट्रल. या दुसऱ्या पद्धतीत चालू लाइनवर ट्यूबचे एक टोक होल्डरात घातले, तर आतल्या ड्रायव्हरमार्गे फेज मोकळ्या टोकाच्या पिनांपर्यंत पोहोचू शकते. लोखंडी शिडीवर उभ्या असलेल्या माणसाचा हात नेमका त्याच टोकाला असतो. फ्लुओरेसंट ट्यूबमधला वायू पेटेपर्यंत प्रवाह जाऊ देत नाही, त्यामुळे बटण चालू ठेवून ट्यूब बदलण्याची जुन्या हातांची सवय आजवर खपून गेली. एलईडीच्या बाबतीत तीच सवय जिवावर बेतू शकते. आयईसी ६२७७६ हे २०१४ सालचे आंतरराष्ट्रीय मानक अशा पर्यायी ट्यूबांच्या सुरक्षिततेसाठीच तयार झाले.

उलटी चूकही तेवढीच सोपी आहे. एकाच टोकाला फेज-न्यूट्रल दिलेल्या पट्टीत कुणी कपाटातली जुनी फ्लुओरेसंट ट्यूब चढवली, तर त्या टोकाच्या दोन पिनांमध्ये फक्त फिलामेंटची बारीक तार असते. पूर्ण २३० व्होल्ट तिच्यावर येतात आणि ठिणगीसह ती जळते. म्हणून रूपांतर झालेल्या प्रत्येक पट्टीवर ‘फक्त एलईडी, चोक काढला आहे’ अशी चिठ्ठी, शिवाय फेज कोणत्या टोकाला आहे याची खूण हवी. या कामात सर्वांत स्वस्त असलेली आणि हमखास विसरली जाणारी गोष्ट हीच.

काम सुरू करताना नुसते बटण बंद करणे पुरेसे नसते, त्या लाइनचा एमसीबीच (बोर्डातला आपोआप तुटणारा मुख्य स्विच) पाडायचा. जुन्या शेडमध्ये कधीकाळी कुणीतरी बटण फेजऐवजी न्यूट्रलवर घेतलेले असते, त्यामुळे बटण बंद असतानाही होल्डरला फेज मिळत राहते. हा दोष फ्लुओरेसंट ट्यूब वर्षानुवर्षे लपवते. एलईडी तो पहिल्याच रात्री दाखवते, कारण दिवा बंद करूनही ती मंद धुगधुगत राहते. तसे दिसले की ट्यूब बदलून उपयोग नाही, बोर्ड उघडायला हवा. उष्णतेने पिचलेले होल्डर बदलायचे, लोखंडी पट्टीला अर्थिंग द्यायचे आणि चोक काढल्यावर उरलेली वायरींची तोंडे नुसती चिकटपट्टी गुंडाळून न ठेवता कनेक्टरमध्ये घ्यायची.

फिरणारा चक आणि लुकलुकणारा प्रकाश

घरातल्या आणि वर्कशॉपमधल्या दिव्यात मोठा फरक आहे तो इथे. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर साध्या चोकची ट्यूब सेकंदाला १०० वेळा तेजाळते आणि मंदावते. डोळ्याला ते कळत नाही, पण फिरणाऱ्या यंत्रावर त्याचा परिणाम दिसतो. लेथचा तीन जबड्यांचा चक, म्हणजे काम पकडून फिरवणारा भाग, मिनिटाला २००० फेरे फिरत असेल, तर एकाच जागेवरून सेकंदाला बरोबर १०० जबडे जातात. अशा प्रकाशात चक थांबल्यासारखा भासू शकतो. मिनिटाला १४४० फेरे घेणाऱ्या मोटरची चार आऱ्यांची पुली सेकंदाला एक फेरा उलट्या दिशेने रेंगाळत असल्यासारखी दिसते. थांबलेल्या वाटणाऱ्या चकाकडे हात जाणे म्हणजे काय, हे लेथ चालवणाऱ्या टर्नरला सांगावे लागत नाही.

जुन्या काळी यावर दोन उपाय होते. जोड पट्टीतल्या एका ट्यूबला कपॅसिटर लावून दोघींचे लुकलुकणे पुढेमागे करायचे, किंवा शेजारशेजारच्या पट्ट्या तीन वेगळ्या फेजवर टाकायच्या. एलईडी आली की हा प्रश्न आपोआप सुटला, अशी समजूत आहे. ती अर्धीच खरी. चांगल्या ड्रायव्हरचा प्रकाश जवळजवळ स्थिर असतो. पण स्वस्त ट्यूबमध्ये ड्रायव्हरच्या नावाने चारदोन सुटे भाग डायोडांच्याच पट्टीवर बसवलेले असतात आणि कपॅसिटर एकतर नसतो किंवा तुटपुंजा असतो. अशी एलईडी फ्लुओरेसंटपेक्षाही जास्त लुकलुकते, कारण फ्लुओरेसंट ट्यूबचा फॉस्फर निदान थोडा वेळ तेजाळत राहतो. मोबाइलचा कॅमेरा ट्यूबजवळ धरला आणि पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले, तर ती ट्यूब लेथवर टांगू नये. तीन फेजांवरची विभागणी एलईडीतही ठेवलेली बरी. एक फेज गेली तरी सगळी शेड अंधारात जात नाही. मात्र अशा वेळी शेजारच्या दोन पट्ट्यांत ४०० व्होल्टचे अंतर असते, हे शिडीवर चढणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

उजेड किती आणि कुठे

१९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या १७व्या कलमात पुरेसा प्रकाश देण्याबरोबरच डोळे दिपणे आणि डोळ्यांवर ताण आणणाऱ्या सावल्या टाळण्याचीही तरतूद केली गेली. आयएस ३६४६ या भारतीय मानकानुसार यंत्रशाळेत ढोबळ कामाला सुमारे ३०० आणि मध्यम प्रतीच्या बेंचकामाला ५०० लक्स (कामाच्या जागेवर पडणाऱ्या उजेडाचे माप) उजेड हवा. बारीक कामाला त्याहून अधिक.

फ्लुओरेसंट ट्यूब चोहीकडे प्रकाश फेकते. एलईडी ट्यूबचा बराचसा प्रकाश खालच्या बाजूलाच जातो. म्हणून २० वॅटची, सुमारे २००० ल्युमेनची (ल्युमेन म्हणजे दिव्यातून निघणाऱ्या एकूण प्रकाशाचे माप) एलईडी ४० वॅटच्या जुन्या ट्यूबपेक्षा कागदावर कमी असूनही बेंचवर उजळ दिसते. छप्पर आणि भिंतींचा वरचा भाग मात्र काळोखा पडतो, आणि मायक्रोमीटर वाचताना आपल्याच डोक्याची सावली गडद वाटते. पट्ट्यांची जागा न हलवता नुसत्या ट्यूबा बदलल्या तर ही तक्रार हटकून येते. शेडची उंची पाचसहा मीटर असेल तर ट्यूबांचा हट्ट सोडून उंचीसाठी बनवलेले हायबे दिवे लावणे शहाणपणाचे.

हिशेब

४० वॅटची ट्यूब आणि साधा तांब्याचा चोक मिळून सुमारे ५२ वॅट खातात, एलईडी २० वॅट. रोज १० तास आणि वर्षाला ३०० दिवस धरले तर एका पट्टीमागे ९६ युनिट वाचतात. ८ रुपये दराने ते ७६८ रुपये होतात. ट्यूब आणि मजुरी धरूनही हा खर्च साधारण वर्षभरात वसूल होतो. पण आधीच इलेक्ट्रॉनिक चोकवरची टी-५ असेल तर वाचतात अवघे दहाअकरा वॅट. तिथे ट्यूब जाईपर्यंत थांबण्यात काही कमीपणा नाही.

बचतीचे गणित बिघडवते ती वीज. एकाच लाइनवर वेल्डिंग मशीन आणि मोठ्या मोटरी असतील तर ड्रायव्हर लवकर जातात. न्यूट्रल तुटला तर चारशेच्या जवळपास व्होल्टेज येऊन एका झटक्यात रांगच्या रांग बंद पडते. जुन्या चोकने असे बरेच सोसलेले असते. पत्र्याच्या छपराखालची उन्हाळ्यातली उष्णता ड्रायव्हरमधल्या कपॅसिटरचे आयुष्य खाते. त्यामुळे पाकिटावरच्या तासांच्या आकड्यापेक्षा सर्जपासूनचे (व्होल्टेजच्या अचानक झटक्यापासूनचे) संरक्षण, ०.९ पेक्षा जास्त पॉवर फॅक्टर (लाइनमधून ओढलेल्या विजेतला खरोखर कामी येणारा वाटा) आणि बदलून मिळण्याची हमी बघावी. पट्टीतले जुने पॉवर फॅक्टर कपॅसिटर तसेच राहिले तर पॉवर फॅक्टर उलट दिशेला झुकतो, आणि केव्हीएएचवर, म्हणजे पॉवर फॅक्टरही जमेस धरून, बिल येणाऱ्या कारखान्याला ते महाग पडते.

उतरलेल्या ट्यूबा

तांब्याच्या चोकला भंगारात भाव येतो. ट्यूबला येत नाही, म्हणून ती बहुतेकदा उकिरड्यावर फुटते. प्रत्येकीत काही मिलिग्रॅम पारा असतो. भारताच्या २०१६ च्या ई-कचरा नियमांनी पारायुक्त दिवे ई-कचऱ्यात धरले, त्यामुळे ते अधिकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच द्यायचे असतात. जपानमधल्या मिनामाता शहराच्या नावाने झालेल्या पाराविषयक करारात भारत २०१८ मध्ये सामील झाला. करारातील देशांच्या २०२३ च्या परिषदेत लांब फ्लुओरेसंट ट्यूबांचे उत्पादन आणि आयात-निर्यात, प्रकारानुसार, २०२६ आणि २०२७ पर्यंत बंद करण्याचे ठरले. युरोपीय संघात टी-८ आणि टी-५ ट्यूबा नव्याने बाजारात आणणे ऑगस्ट २०२३ मध्येच बंद झाले. आपल्याकडे केंद्र सरकारच्या ‘उजाला’ योजनेतून बल्बांबरोबर २० वॅटच्या एलईडी ट्यूबाही विकल्या गेल्या. आता नवी शेड उभारणारा जुनी पट्टी आणतच नाही. तो ट्यूब आणि पट्टी एकत्र असलेला एलईडी बॅटन लावतो. त्यात होल्डर नाहीत, पिना नाहीत, त्यामुळे चुकीची ट्यूब चढवण्याची सोयही नाही. रूपांतराचे काम राहते ते जुन्या शेडमधल्या पट्ट्यांपुरते.