हौद्यात वाळूची पोती कशाला?

माझा भाचा मिनेसोटातल्या डुलुथला असतो. सुपीरियर सरोवराच्या काठची टेकडी आणि तिच्यावर हे शहर, त्यामुळे गल्ल्यासुद्धा घाटासारख्या चढाच्या. त्यानं जुनी पिकअप घेतली, फक्त मागच्या चाकांना इंजिनाची ओढ असलेली. पहिला हिमवर्षाव झाला तसा शेजारी म्हणाला, हौद्यात वाळूची पोती टाक. लगेच मला फोन : "मामा, वजन वाढलं की घर्षण वाढतं, कबूल. पण गाडीही जड झाली ना! मग फायदा कसला?"

शंका रास्त आहे. चारही चाकांना ओढ असती तर त्याचं म्हणणं खरंच ठरलं असतं, वजन दोन्हीकडून कटून गेलं असतं. इथे मात्र ढकलतात मागची दोनच चाकं आणि हलवायची असते अख्खी गाडी. म्हणून बघायचा तो मागच्या चाकांवर येणाऱ्या वजनाचा वाटा.

रिकाम्या पिकअपचं इंजिन पुढे, मागे नुसता हौदा. 2000 किलोंतले 800 मागे धरू, म्हणजे 40 टक्के. घर्षणांक म्हणजे चाकावरच्या वजनाच्या किती पट पकड मिळते तो आकडा. कोरड्या डांबरावर तो 0.7-0.8 असतो, दाबलेल्या हिमावर 0.2 धरू. 0.2 गुणिले 0.4 म्हणजे 0.08. ढोबळमानानं, 100 मीटरला 8 मीटर चढ जमेल, त्यापुढे चाकं जागीच गरगरणार. आता मागच्या एक्सलच्या बरोबर वर 200 किलो वाळू ठेवा. मागे 1000, एकूण 2200. वाटा 45 टक्के, चढ 9 मीटर.

तीच पोती मीटरभर मागे, फाळक्याला टेकवून ठेवली तर? एक्सल झाला टेकू. दोन एक्सलमध्ये साडेतीन मीटर अंतर असेल तर मागे 257 किलो वाढतात आणि पुढची चाकं 57 किलोंनी हलकी होतात. चढ साडेनऊच्या वर जातो खरा, पण वळणावर स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी सरळच जायला बघते. म्हणून पोती चाकांच्या कमानींच्या मधेच हवीत.

खरी कमाई टायरची. साधं रबर सुमारे 7 अंशांखाली कडक होत जातं, हिवाळी टायरचं मऊ राहतं. त्याच्या नक्षीतल्या बारीक चिरांत हिम अडकतं आणि हिम हिमाला धरतं. घर्षणांक 0.3 झाला, तर वाळूशिवायच चढ 12 मीटर!

फोर बाय फोरच्या, म्हणजे चारही चाकांना ओढ असलेल्या गाड्यांच्या, जाहिराती पाहून मात्र हुरळू नये. ब्रेक सगळ्याच गाड्यांच्या चारही चाकांना असतात, थांबताना त्या जादा ओढीचा काही उपयोग नाही. माझ्या बहिणीनं लेकाच्या गाडीला बांधायला काळी बाहुली पाठवली आहे. वजन शंभर ग्रॅम, तेही पुढच्या एक्सलवर.

भाच्यानं शेवटी 60 पौंडांची, म्हणजे 27 किलोंची सात पोती आणली आणि पट्ट्यांनी आवळून बांधली. गोठलेलं पोतं म्हणजे धोंडाच, करकचून ब्रेक लागला की पुढे येतं. आठवं पोतं त्यानं घरात ठेवलंय, कोरडं. चाक रुतलं की फोडून टायरखाली पसरायला.