डच शब्द लांब असला तरी जोर नेहमी पहिल्याच भागावर? नाही हो

डच शिकायला घेतलं की कोणीतरी सांगतंच, शब्दाचे तुकडे पाडताना दोन व्यंजनं दिसली की मधून तोडायचं, एकच असेल तर पुढच्या स्वराला द्यायचं आणि उच्चाराचा जोर डोळे झाकून पहिल्या भागावर. साध्या शब्दांना तोडायचा नियम चालतो, पण जोडशब्द आला की आधी सांधा, म्हणजे शब्द कुठे जोडलेत ते, बघावा लागतो.

आरबेइट्सओंगेस्खिक्टहेइट्सफरझेकरिंग घ्या, म्हणजे काम करता न येण्याचा विमा, डच लिपीत 33 अक्षरं. आरबेइट म्हणजे काम, त्याला मागे एक स चिकटलाय, तो नुसता जोडायला. आता ट आणि स अशी दोन व्यंजनं आहेत म्हणून कोणी मधून तोडून 'सोंगे' असं केलं की गेलं सगळं (आणि मराठीत ते सोंगच वाटतं!). स मागेच राहतो, ओंगेस्खिक्ट नव्याने सुरू होतं.

फाल्कउइल लिहिलेलं असलं तर अजून मजा. फाल-कउइल तोडलं तर सापळ्याचा खड्डा, फाल्क-उइल तोडलं तर ससाणा-घुबड 😄 लिहिताना दोन्ही सेम. अर्थात रोजच्या वापरात असतो तो खड्डाच.

जोराचं म्हणाल तर बहुतेक वेळा पहिला भाग, हे खरंय. झीकनहाउस, म्हणजे हॉस्पिटल, यात जोर झी वर. पण नगरपालिकेची इमारत म्हणजे स्टाटहाउस, तिथे जोर हाउस वर! बूरेनकोल ही भाजी, तिचाही कोल वर. असे शब्द एकेक करून कानातच बसवावे लागतात.