किनारा 'हटला' म्हणजे नेमकं काय हटलं? व्हिडिओ निगराणीची पार्श्वभूमी

कॅमेरे लावून किनाऱ्यावर नजर ठेवण्याची मुळं १९८० च्या दशकात अमेरिकेत सापडतात. नॉर्थ कॅरोलायनातल्या डक इथल्या संशोधकांनी दहा मिनिटांच्या दृश्यांची सरासरी काढून एकच चित्र बनवलं. त्यात एकेक लाट पुसली जाते, पुळणीवरून चालणारी माणसं नाहीशी होतात आणि जिथे लाटा वारंवार फुटतात तिथे फेसाचा पांढरा पट्टा उमटतो. त्या पट्ट्याखालीच वाळूचा दांडा, म्हणजे पाण्याखालचा लांबट उंचवटा, असतो. १९९२ मध्ये ओरेगॉनच्या किनाऱ्यावर हे काम आपोआप करणारं केंद्र उभं राहिलं. या यंत्रणेचं नाव 'आर्गस'.

पण कॅमेरा संशोधकांच्या हातून किनारा सांभाळणाऱ्यांच्या हाती कसा गेला, हे नेदरलँड्स पाहिल्याशिवाय कळत नाही. तिथे १९९० साली निर्णय झाला, की किनारा यापुढे मागे हटू द्यायचा नाही. जिथे हटेल तिथे वाळू आणून टाकायची. मग प्रश्न आला, मागे म्हणजे कशाच्या मागे? त्यासाठी आधीच्या दहा वर्षांच्या मोजणीचा कल काढून आधाररेषा ठरवली गेली. दरवर्षी मोजलेली 'क्षणिक किनारारेषा' तिच्याशी ताडून पाहायची.

खरा गुंता या 'क्षणिक' रेषेत आहे. ही पाण्याची कड नव्हे. वाळूच्या टेकड्यांचा पायथा ओहोटीच्या पातळीपासून जितका वर, तितकंच त्या पातळीच्या खाली जायचं, किनाऱ्याच्या दर मीटर लांबीमागे मधल्या वाळूचं घनफळ काढायचं आणि त्याला एकूण उंचीने भागायचं. येतं ते अंतर म्हणजे रेषेची जागा. म्हणजे नाव रेषेचं आणि हिशेब वाळूच्या साठ्याचा. माझ्या मते ही व्याख्या शहाणपणाची होती, कारण पाण्याची कड एका वादळात कुठच्या कुठे जाते. अडचण एवढीच, की मोजणी वर्षातून एकदा व्हायची. मधल्या काळात काय घडलं ते कुणाला दिसत नसे.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस नेदरलँड्समधल्या एग्मॉंडच्या दीपगृहावर कॅमेरे बसले आणि ही फट बुजली. भरती चढताना तासातासाला पाण्याची कड चित्रातून टिपायची. त्या वेळची पातळी ठाऊक असल्याने प्रत्येक कड ही एकेक समोच्चरेषाच, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेषा, होते. पण कॅमेऱ्याला भरती-ओहोटीमधलाच पट्टा असा मोजता येतो. म्हणून त्या पट्ट्यापुरती वेगळी 'क्षणिक' रेषा काढावी लागली. दोन्ही शब्द सारखेच वाटतात, अर्थ मात्र वेगळे. वादळात पुळणीवरची वाळू पाण्याखालच्या दांड्यावर गेली, तर कॅमेऱ्याची रेषा मागे सरकलेली दिसेल आणि घनफळाची रेषा जवळपास जागेवरच राहील. हा फरक समजावून न सांगता 'किनारा हटला' असं जाहीर करणं, हे किनाऱ्यालगतच्या गावकऱ्यांवर अन्याय करणारं आहे.

२००२ ते २००५ दरम्यानच्या युरोपीय प्रकल्पात आधी किनारा सांभाळणाऱ्यांना विचारलं गेलं, की तुमचा निर्णय कोणत्या आकड्यावर अडतो? एग्मॉंडसोबत इंग्लंडमधलं टेनमथ, स्पेनमधलं एल पुंताल आणि इटलीतलं लिदो दि दांते ही ठिकाणं त्यात होती. टेनमथला बंदराच्या तोंडाशी वाळूचे उंचवटे सरकत असल्याने तिथला प्रश्न बोटींच्या वाटेचा होता. ऑस्ट्रेलियातल्या गोल्ड कोस्टवर तर १९९९ पासूनच, मोठ्या वाळूभरणीचं पुढे काय होतं हे पाहायला कॅमेरे लागले होते.

पुढे २०११ मध्ये नेदरलँड्समध्ये सुमारे २.१५ कोटी घनमीटर वाळू एकाच जागी ओतली गेली, ती लाटा-वाऱ्याने आपसूक पसरावी म्हणून. तिच्यावरही उंच मनोऱ्यावरून कॅमेऱ्यांची नजर होती. २०१७ पासून सिडनीच्या किनाऱ्यांवर मोबाइल ठेवायचे स्टीलचे स्टँड बसले. येणाजाणाऱ्याने त्यात फोन ठेवून फोटो काढायचा आणि पाठवायचा. वेळ आणि भरतीची पातळी जुळवून त्यातूनही पाण्याची कडच काढली जाते.